ताटातले पाहुणे

'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण ज्याने रचली, त्याने साबूदाण्याची खिचडी पोटभर खाल्लेली असली पाहिजे. आमचे नाशिक पडले तीर्थक्षेत्र. इथे उपासांना तोटा नाही आणि उपासाच्या पदार्थांनाही नाही. गंगेवर स्नान करून आलेली एखादी आजीबाई सोवळ्यात चुलीपुढे बसते, कांद्यालसणाची सावलीसुद्धा पडू देत नाही, आणि तुपाच्या फोडणीत जे जे टाकते ते बहुतेक सगळे साता समुद्रांपलीकडचे असते! तिला हे सांगण्याचे धैर्य माझ्यात नाही. म्हणून, वाचकहो, फराळाचे ताट पुढे आलेच आहे तर तुम्हांलाच सांगतो.

खिचडीची कुळकथा पाहा. मिरची, बटाटा आणि शेंगदाणा हे तिघेही मूळचे अमेरिका खंडातले. १४९२ साली कोलंबस तिकडच्या बेटांना लागला, १४९८ साली वास्को द गामा कालिकतला उतरला, आणि पुढच्या दोन-तीन शतकांत परदेशी गलबतांतून ही मंडळी आपल्याकडे आली. 'बटाटा' हा शब्द पोर्तुगीजांचा; त्यांच्याकडे तो कॅरिबियन बेटांवरून आला आणि तिथे त्याचा अर्थ होता रताळे. म्हणजे उपासाचे रताळेही तिकडचेच! मिरचीचे बारसे मात्र आपण घरी केले. तिखटपणासाठी पूर्वीपासून मिरी होती; तिच्यावरून हिला 'मिरची' म्हटले आणि घरात घेतले.

साबूदाण्याची गोष्ट तर आणखी मौजेची. 'साबू' हा मलायातला 'सागू'. तिकडे एका जातीच्या ताडाच्या खोडातला गर काढून त्याचे दाणे करीत. दुसऱ्या महायुद्धात तिकडचा माल येईनासा झाला, तेव्हा तमिळ मुलखात सेलमला कसाव्याच्या कंदापासून दाणे करण्याचा धंदा उभा राहिला. हा कसावाही ब्राझीलकडचा. खिचडीशेजारी वाढलेली भगर तेवढी घरची. इगतपुरी-पेठच्या डोंगरउतारांवर वरी पिकते आणि नाशकातल्या गिरण्यांत तिची भगर होते.

मग ही परकी मंडळी उपासाला चालली कशी? माझा आपला तर्क असा, की उपासाला वर्ज्य होते ते धान्य. कंदमुळे आणि फळे हा तर ऋषिमुनींचा आहार! नवा कंद आला, तो निमूटपणे त्यांच्या पंगतीला जाऊन बसला. फळांचेही तसेच झाले. पंचवटीत सीतागुंफेचे दर्शन घेऊन परतताना भाविक सीताफळे घेतात. त्या नावाने हात आपोआप जोडले जातात. पण वनस्पतिशास्त्रज्ञ सीताफळ आणि रामफळ या दोहोंचे माहेर उष्ण अमेरिकेतले मानतात.

सर्वच पाहुण्यांना मात्र दार इतक्या सहज उघडले नाही. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही मंडळी जमली आणि त्यांच्यापुढे चहा-बिस्किटे आली. लोकमान्य टिळक तिथे होते, आणि न्यायमूर्ती रानडेही होते. रानडे आमच्याच जिल्ह्यातले. १८४२ मध्ये निफाडला जन्मलेले. हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आली आणि गहजब झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, बहिष्काराची भाषा झाली, लग्नकार्यांत आणि श्राद्धपक्षांत अडचणी उभ्या राहिल्या. रानड्यांनी अखेर प्रायश्चित्त घेतले, ते आपल्या स्नेह्यांच्या घरची कुचंबणा संपावी म्हणून. एका पेल्याभर चहापायी केवढा हा मनस्ताप! आणि ज्यांनी हा दोष काढला, त्यांच्याही स्वयंपाकघरात मिरची आणि बटाटा सुखाने नांदत असतीलच.

मला या इतिहासात नेमके हेच बोचते. जे गुपचूप आले ते देवाच्या नैवेद्यापर्यंत पोचले. जे परक्या माणसाच्या हातून उघडपणे आले, त्यांची चौकशी झाली. चौकशी पदार्थाची नव्हतीच. तो देणाऱ्या हाताची होती. आज दारी आलेल्या कुणालाही आपण आधी चहाच विचारतो, आणि त्या चहाने कुणाची पंगत उठत नाही.

नाशकात रविवारी सकाळी मिसळीच्या दुकानांत जाऊन बघा. मटकी इथल्या मातीतली. टोमॅटो पिंपळगाव बसवंतच्या बाजारातला, पण त्याचे नाव मेक्सिकोच्या जुन्या भाषेतले. कांदा लासलगावचा, पण त्याचे पूर्वज बहुधा मध्य आशियातून फार फार पूर्वी आलेले. तर्रीला रंग मिरचीचा. आणि पाव? नावासकट पोर्तुगीज. ज्या पावाने एके काळी माणूस बाटतो असे म्हणत, त्याचा तुकडा रश्शात बुडवताना आता आजोबा आणि नातू एकाच बाकावर बसतात. या पदार्थाला आपण 'मिसळ' म्हणतो, हे किती सार्थ आहे!

आणि आपण नुसते घेतलेच असे थोडेच आहे? संस्कृतातली 'शर्करा' इराणात जाऊन 'शकर' झाली, अरबांकडे 'सुक्कर' झाली आणि विलायतेत 'शुगर' म्हणून मिरवू लागली. इराणातून 'शकरपारा' होऊन ती परत आली, तेव्हा आपण तिला 'शंकरपाळी' म्हणून थेट शंकराच्याच पदरात घातले. माहेरची लेक सासरचे नाव लावून दिवाळीला यावी, तशी ती यंदाही तुमच्या डब्यात आलेली आहे. तिला चहाबरोबर खा, आणि शेजाऱ्यांकडेही ताट पाठवा. मग ते शेजारी कुठलेही असोत.