शेताचा रंग कोण बदलतो?



काल खालच्या बागेत पाणी बघत होतो, म्हणजे ते कुठं तुंबतंय ते बघत होतो. बांधापलीकडच्या रानाचा झोन बदलला, प्लॉट पडले, मुरमाचा भराव पडला आणि पूर्वापार वाहणारा ओहोळ त्यात बुजला. आता मोठा पाऊस झाला की माझ्या शेवटच्या सहा ओळींत दोन-दोन दिवस पाणी उभं. गोडी बहार छाटणीनंतर असं झालं की डाऊनी आलीच समजा. तक्रार घेऊन गेलो तर टेबलामागून विचारणा झाली, "हरकतीची मुदत होती, तेव्हा कुठं होतात?" चूक माझीच. नोटीस मी वाचलीच नव्हती. म्हणून हा कायदा आला कुठून ते शोधत बसलो.

इंग्रजांनी १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात नवी पाहणी सुरू केली. गोल्डस्मिड आणि विंगेट हे दोन अधिकारी त्यात पुढं होते. मातीची खोली, रंग, पोत बघून जमिनीची प्रत ठरवायची आणि त्यावर आकार बसवायचा, अशी ती रीत. आपल्या सातबाऱ्यावरचा 'आकार' हा शब्द त्याच परंपरेतला. हेतू वसुलीचाच होता, पण सरकारला जमीन बघायला वाकून माती हातात घ्यावी लागत होती.

१८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याच्या कलम ६५ नं शेतजमीन दुसऱ्या कामाला वापरायची तर जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागेल असं केलं. आपण ज्याला 'एनए' म्हणतो त्याचं हे मूळ. पुढं १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत ते कलम ४४ झालं. इथवर प्रश्न एकेका गटाचा होता.

शहराचा कायदा वेगळ्या वाटेनं आला. मुंबई प्रांतात १९१५ साली नगररचना कायदा झाला, १९५४ साली दुसरा. दोन्ही शहरापुरते. १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम मात्र वेशीबाहेर आला. प्रादेशिक योजना नावाची गोष्ट त्यानं आणली, आणि गव्हाचं रान, उसाचं रान, बाग सगळं नकाशावर एकाच हिरव्या रंगात गेलं. शेतकऱ्याला रानाचे दहा प्रकार ठाऊक असतात, नकाशाला एकच. त्याच कायद्याचं कलम २० सांगतं की मंजूर योजनेत सरकार फेरबदल करू शकतं. राजपत्रात सूचना काढायची, हरकती मागवायच्या, विचार करायचा, मंजुरी द्यायची. हिरव्याचं पिवळं होतं ते इथं. राजपत्र रोज वाचणारा शेतकरी मी तरी अजून पाहिला नाही.

गोव्याची गोष्ट यासाठी वाचण्यासारखी आहे. ऑगस्ट २००६ मध्ये तिथं 'प्रादेशिक आराखडा २०११' लागू झाला. डोंगर, शेतं, बागायती यांतल्या बऱ्याच जमिनी वस्तीसाठी खुल्या झाल्याचं लोकांच्या लक्षात आलं. 'गोवा बचाव अभियान' उभं राहिलं, डिसेंबरात पणजीत मोठी सभा झाली, आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारला आराखडा मागं घ्यावा लागला. नव्या आराखड्याच्या कृती दलात वास्तुविशारद चार्ल्स कोरिया होते. या वेळी नकाशे गावोगाव पाठवले, ग्रामसभांनी बघितले, सूचना दिल्या. २०११ मध्ये 'आराखडा २०२१' मंजूर झाला, २०१२ मध्ये सरकार बदललं आणि तो थंड्या बस्त्यात गेला.

पण खरी मेख पुढं आहे. २०२३ मध्ये तिथल्या नगर व ग्रामनियोजन कायद्यात कलम १७(२) घातलं गेलं. आराखड्यात नजरचुकीनं राहिलेल्या चुका दुरुस्त करायला म्हणून. कागदावर किती साधी गोष्ट! तिच्यातून एकेका मालकाच्या अर्जावर एकेक तुकड्याचा झोन बदलू लागला. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं त्याखालचे नियम आणि मार्गदर्शक सूचना रद्द केल्या. अख्खा आराखडा बदलायचा तर माणसं रस्त्यावर येतात. तुकड्या-तुकड्यानं बदलला तर शेजाऱ्यालाही कळत नाही. माझ्या बांधावर झालं ते याच जातीचं.

एक कबूल करतो. झोन बदलून घेणारा प्रत्येक जण लबाड नसतो. दोन वर्षं गारपीट, तिसऱ्या वर्षी भाव नाही, वर सोसायटीचं कर्ज. महामार्गाकाठच्या माणसानं काय करावं? मी त्याच्या जागी असतो तर कदाचित हेच केलं असतं. फक्त ओहोळ सोडला असता.

आता आपलं पिंपळगाव नगरपरिषदेत आलंय, म्हणजे आज ना उद्या विकास योजना होणार. प्रारूप नकाशा प्रसिद्ध झाला की कलम २६ खाली हरकतीला मुदत मिळते, मग कलम २८ प्रमाणे नियोजन समितीपुढं सुनावणी. मंजुरीनंतरचे किरकोळ फेरबदल कलम ३७ खाली होतात, आणि त्यात ज्यांना झळ बसणार त्यांना नोटीस द्यावी लागते. रानावर रस्त्याचं किंवा बाजाराचं आरक्षण पडलं आणि दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर कलम १२७ ची नोटीस देता येते. त्यानंतर २४ महिन्यांत हालचाल झाली नाही तर आरक्षण सुटतं.

मी आत्ताच तयारीला लागलोय. गटाचा नकाशा काढलाय, ओहोळाची जुनी वाट त्यावर लाल पेन्सिलनं आखलीय, आणि वरच्या अंगाच्या चार शेतकऱ्यांच्या सह्या घेतल्यात. खालच्या अंगाचे दोघं अजून बाकी आहेत. रविवारी तिकडं चक्कर मारतो.