गुडघ्याला मिरची

गेल्या वर्षी आम्ही घरचे सगळे त्रिपिंडी श्राद्धासाठी त्र्यंबकेश्वरला गेलो होतो. विधी झाला आणि मग दर्शनाच्या रांगेत उभं राहून आत्याच्या गुडघ्यांनी हात टेकले. परतताना एका दुकानात मला एक छोटी बाटली दिसली. वर लिहिलेलं होतं, मिरची बियांचं इसेन्शियल ऑइल, सांधेदुखीवर रामबाण. मी घेतली. आत्या नको म्हणत होती, मीच आग्रह केला, हे आधीच सांगून टाकतो.

रात्री तिने तेल चोळलं. तासाभरात काही वाटेना म्हणून वरून गरम पाण्याची पिशवी ठेवली. पहाटे तिने मला उठवलं तेव्हा गुडघा लालबुंद होता आणि दोन फोड आले होते. "अरे, चुलीवर ठेवल्यासारखा भाजतोय," ती म्हणाली. फोड भरायला पंधरा दिवस गेले. डॉक्टरांनी मलम दिलं आणि माझ्याकडे बघून एवढंच विचारलं, "त्या बाटलीत किती टक्के काय होतं?" मला सांगता येईना. लेबलवरच्या नंबरला फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, "साहेब, शंभर टक्के नैसर्गिक."

दिवसभर लॉग फाइल वाचत बसणाऱ्या माणसाला असं उत्तर पचत नाही. मी मिरचीच्या मागे लागलो.

पहिली गोष्ट मला श्राद्धाच्या पानावरच सापडली. आमच्या घरी श्राद्धाच्या स्वयंपाकात लाल तिखट घालत नाहीत, मिरी घालतात. का, असं विचारल्यावर आजी नेहमी म्हणायची, "पितरांना मिरची ठाऊक नाही." मला तो विनोद वाटायचा, पण इतिहास म्हणून ते वाक्य अगदी बरोबर आहे. चरक-सुश्रुतांना मिरची माहीत नव्हती. आयुर्वेदातलं त्रिकटू म्हणजे सुंठ, मिरी आणि पिंपळी. आपल्याकडे तिखट म्हणजे हे तिघं. मिरची अमेरिका खंडातली. जानेवारी १४९३ मध्ये कोलंबसाने आपल्या रोजनिशीत नोंद केली की इथल्या लोकांची ‘अही’ मिरीपेक्षा सरस आहे. तो निघाला होता मिरीच्या शोधात, आणि हाती लागली ही. मग तिला नावही मिरीचंच मिळालं. इंग्रजीत ती ‘पेपर’ झाली, आपल्याकडे मिरीवरून मिरची. (साबुदाण्याच्या खिचडीतले बटाटा, शेंगदाणे आणि हिरवी मिरचीही त्याच खंडातून आलेत. म्हणजे श्राद्धाला चालत नाही ते उपासाला चालतं. यावर आजीकडे उत्तर नव्हतं.)

१५१० मध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतला आणि त्यांच्या जहाजांतून मिरची या किनाऱ्यावर उतरली. मुंबईकडे तिला ‘गोवाई मिरची’ असंही म्हणत. गार्सिया द ओर्ता या गोव्यातल्या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये इथल्या औषधी वनस्पतींवर पुस्तक छापलं. त्यात मिरीवर प्रकरण आहे, मिरचीवर नाही. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकात त्र्यंबकेश्वरचं आजचं काळ्या दगडाचं देऊळ बांधायला घेतलं, तोवर मिरचीला या देशात दोन शतकं उलटून गेली होती. आज मात्र नंदुरबारच्या बाजारात लाल मिरचीचे ढीग बघून ती परकी आहे हे कुणाला पटणार नाही. दृष्टसुद्धा आपण मीठ-मोहरी-मिरच्यांनीच काढतो.

चोळायचं औषध म्हणून ती युरोपात जास्त वापरली गेली. एकोणिसाव्या शतकात मिरचीच्या अर्काचे लेप आणि प्लास्टर कंबरदुखीवर, संधिवातावर लावत. १८१६ मध्ये बुखोल्त्स या जर्मन रसायनज्ञाने तिच्यातला जाळणारा पदार्थ अशुद्ध रूपात वेगळा केला. १८७६ मध्ये थ्रेश या इंग्रजाने तो जवळजवळ शुद्ध रूपात मिळवला आणि त्याला कॅप्सायसिन हे नाव दिलं. १९१२ चा किस्सा मला सगळ्यात आवडतो. यूट्यूबवर पोरं ज्या स्कोव्हिल स्केलचा धाक घालत मिरच्या खातात, ते मोजमाप काढणारा विल्बर स्कोव्हिल औषध कंपनीत कामाला होता. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात इतका पातळ करत जायचा की चाखणाऱ्यांना तिखट लागणं बंद होईल. किती पट पातळ केला, तेवढं त्याचं बळ. म्हणजे मिरची औषधात घालायची तर आधी ती मोजावी लागते, हे शंभर वर्षांपूर्वीच कळलेलं होतं. माझ्या बाटलीवर आकडाच नव्हता.

ती चुरचुरते का, याचं उत्तर मिळायला १९९७ उजाडलं. डेव्हिड ज्युलियस आणि सहकाऱ्यांनी मज्जातंतूंवरचं एक दार शोधलं, टीआरपीव्ही-१. हे दार साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर उघडतं आणि मेंदूला कळवतं, भाजतंय. कॅप्सायसिन तेच दार थंडपणी उघडतं. कातडी गरम झालेली नसते, तरी मेंदूला आग दिसते. यासह त्यांच्या कामाला २०२१ चं नोबेल मिळालं, आर्डेम पातापुतियान यांच्यासोबत. आत्याने मिरचीने आधीच उघडलेल्या दारावर गरम पाण्याची पिशवी ठेवली होती. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुखणं मात्र खरंच कमी होतं. तेच दार रोज ठोठावलं की तो मज्जातंतू थकतो, दुखण्याचा निरोप पाठवायचं कमी करतो. म्हणून गुडघ्याच्या झिजेवर ०.०२५ ते ०.०७५ टक्के कॅप्सायसिनची मलमं देतात. ती दिवसातून तीन-चार वेळा, काही आठवडे नेमाने लावावी लागतात. एका रात्रीत गुण येत नाही आणि येतो तोही बेताचाच. नागिणीनंतर उरणाऱ्या वेदनेसाठी ८ टक्क्यांची पट्टीही आहे. ती दवाखान्यात, हातमोजे घातलेल्या माणसाने लावायची, तासाभरात काढायची, आणि पुढची तीन महिन्यांनी.

आता बाटलीवरचं नाव. इसेन्शियल ऑइल म्हणजे वाफेवर उडणारं, ऊर्ध्वपातनाने काढलेलं तेल, लवंगेचं असतं तसं. कॅप्सायसिन वाफेबरोबर असं सहज उडत नाही. आणि बियांत ते फारसं नसतंच, ते असतं बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या आतल्या पांढऱ्या शिरेत. तेव्हा खरं बियांचं तेल असतं तर आत्याचा गुडघा बहुधा वाचला असता. भाजलं त्याअर्थी त्यात मिरचीचा दाट अर्क होता, किती ते देव जाणे.

आमच्या गल्लीतल्या डंकावर मिरची कांडणाऱ्या मावशींना हे सगळं सांगितलं, तर त्या हसल्या. मिरचीला हात लावण्याआधी त्या हातांना खोबरेल चोळतात, नंतर आधी तेलाने पुसून मग साबणाने धुतात. नुसत्या पाण्याने जात नाही, कारण कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. "आणि धुतल्यावरपण डोळ्याला हात लावायचा नाही, समजलं?" त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी त्यात आणखी भर घातली होती. जखमेवर, खरचटलेल्या कातडीवर लावू नका. आधी बोटभर जागेवर लावून एक दिवस थांबा. लावल्यावर गरम पाण्याची आंघोळ नाही, शेक नाही, घट्ट पट्टी नाही. मधुमेहाने पाय बधिर असतील तर विचारल्याशिवाय नकोच, कारण भाजलेलं कळणारच नाही. फोड आले की धुऊन टाका आणि दाखवा.

आत्या आता ०.०२५ टक्क्यांचं मलम लावते. लावताना माझ्याकडून हातमोजे मागून घेते आणि मी जवळ आलो की ओरडते, "लांब हो, तुझा काही भरवसा नाही." जिना चढताना कठडा मात्र अजून धरतेच.