सॉक्रेटिसाचें दक्षिणाभिमुख घर

घराच्या बाबतींत सौंदर्य व सोय यांत भेद नाहीं, हें पटवितांना सॉक्रेटिसानें सूर्यालाच साक्षीस बोलाविलें. झेनोफननें तो संवाद लिहून ठेवला आहे. दक्षिणाभिमुख घराच्या पडवींत हिवाळ्याचें कललेलें ऊन आंतवर शिरतें. उन्हाळ्यांत सूर्य छपरावरून जातो व खालीं सावली राहते. म्हणून दक्षिणेची बाजू उंच, उत्तरेची ठेंगणी. हा नुसता तत्त्वज्ञाचा तर्क नव्हे. फिलिपनें इ. स. पूर्व ३४८ मध्यें उद्ध्वस्त केलेलें उत्तर ग्रीसमधील ऑलिंथस नगर रॉबिन्सन यांनीं १९२८ पासून उकरलें, तेव्हां पांच-पांच घरांच्या जोड-ओळी निघाल्या. बहुतेकांत चौक दक्षिणेच्या अंगास, पडवी त्याच्या उत्तरेस! थंडींत कोळशाच्या शेगडीवर भागविणाऱ्यांस हें ऊन म्हणजे फुकटचें सरपणच. उत्तरेच्या रस्त्यावरील गृहस्थास दारांतून बोळानें चौक गांठावा लागे. पण पडवीनें दिशा सोडली नाहीं.