शेवटच्या भाकरीचा इतिहास



परातीत उरलेल्या पिठाची शेवटची लहान भाकरी कुणासाठी थापायची, हे आपल्याला कुणी मुद्दाम शिकवलेलं नाही. आजी थापायची, आई थापायची, म्हणून आपणही थापतो. पहिली गाईची, शेवटची कुत्र्याची, असं अजूनही बऱ्याच घरांत म्हणतात. आज या शेवटच्या भाकरीबद्दल बोलायचं आहे.

याला कारणही आहे. गेल्या वर्षभरात आमच्या गटांच्या बैठकांत हप्ते आणि कर्ज यांच्या खालोखाल बोलला गेलेला विषय म्हणजे गावातली कुत्री. कुणी म्हणतं राहू द्या, कुणी म्हणतं मारून टाका. बोलता बोलता आवाज चढतात. तेव्हा आम्हाला वाटलं, भांडायच्या आधी हे जनावर आपल्या दारात कधी आलं आणि कसं टिकलं, ते तरी समजून घ्यावं.

माणसानं पाळलेलं पहिलं जनावर कुत्रा. गाय, शेळी, कोंबडी हे सगळे नंतर आले. माणूस शेती करायला लागला त्याच्याही आधीपासून कुत्रा त्याच्या शेकोटीजवळ बसलेला आहे. जर्मनीत ओबरकासेल नावाच्या ठिकाणी १९१४ साली दगडाच्या खाणीत एक जुनं दफन सापडलं. एक पुरुष, एक बाई आणि त्यांच्यासोबत एक कुत्रा. साधारण १४ हजार वर्षांपूर्वीचं. कुत्रा म्हणजे जेमतेम सात महिन्यांचं पिल्लू. त्याच्या दातांवरच्या खुणा तपासल्यावर संशोधकांच्या लक्षात आलं, की त्याला लहानपणीच एक मोठा आजार झाला होता, आणि तो बरेच आठवडे उलटत राहिला होता. अशा आजारात पिल्लाला कुणी पाणी पाजलं नाही, ऊब दिली नाही, घाण पुसली नाही, तर ते जगत नाही. हे पिल्लू ना शिकारीच्या उपयोगाचं होतं, ना राखणीच्या. तरी कुणीतरी त्याचं सगळं केलं. ते हात बाईचे होते की पुरुषाचे, हे हाडं सांगत नाहीत. पण आजारी लेकराजवळ रात्र काढलेल्या बाईला ते हात अनोळखी वाटणार नाहीत.

आपल्या देशातही असे पुरावे आहेत. काश्मीरमध्ये बुर्झहोम इथल्या चार हजार वर्षांहून जुन्या वस्तीत माणसांसोबत कुत्रीही पुरलेली सापडली. आणि अगदी आपल्या जवळचं म्हणजे पुणे जिल्ह्यातलं शिरूर तालुक्यातलं इनामगाव. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून तिथं पंधरा वर्षं खोदकाम केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं एक शेतकरी गावच मातीखालून वर आलं. कुडाच्या आणि मातीच्या भिंतींची घरं, चुली, धान्य साठवायची पेवं, पाटे, रंगवलेली मडकी. आणि त्या घरांच्या आसपास गाईगुरं, शेळ्यामेंढ्या यांच्या हाडांबरोबर कुत्र्याचीही हाडं. म्हणजे चूल, धान्य आणि दारातलं कुत्रं हा संसार आपल्या मातीत तेव्हापासूनचा आहे.

भाकरीचा पुरावा तर कुत्र्याच्या पोटातच आहे. लांडगा मांस खाणारा. धान्यातला पिष्टमय भाग पचवायला शरीरात जी सोय लागते, ती त्याच्यात थोडीच असते. कुत्रा लांडग्याचाच वंशज, पण २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असं दिसलं, की ही सोय करणारा जनुक लांडग्यात दोन वेळा असतो, तर कुत्र्यात चारपासून तीस वेळांपर्यंत. शेतकऱ्यांच्या दारात पिढ्यान्‌पिढ्या राहून, त्यांचं उष्टं खाऊन, कुत्र्याचं शरीरच बदललं. आपण भाकरी टाकत गेलो आणि ते आपल्या घरचं होत गेलं.

जुन्या कथांतही कुत्रा आहे, आणि तो चांगल्या जागी आहे. महाभारताचा शेवट आपल्याला माहीत असतो. धर्मराजाच्या मागे शेवटपर्यंत एक कुत्रा चालत राहतो आणि त्याला सोडून स्वर्गात यायला धर्मराज नकार देतो. पण महाभारताच्या सुरुवातीच्या भागातही कुत्रं आहे, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. जनमेजय राजाच्या यज्ञाजवळ एक पिल्लू येतं. राजाचे भाऊ त्याला मारतात. ते रडत आईकडे जातं. त्याची आई सरमा सरळ यज्ञात येऊन राजाला जाब विचारते. माझ्या लेकरानं तुमच्या हविर्द्रव्याकडे बघितलं नाही, ते चाटलं नाही, मग त्याला मारलं का? भरल्या यज्ञात त्या कुत्रीला कुणाकडेच उत्तर नसतं. शेवटी ती शाप देऊन जाते. लेकरासाठी राजाच्या दरबारात उभी राहिलेली ही आई आम्हाला फार आवडते.

शेजारच्या कर्नाटकात मंड्या जिल्ह्यात आतकूर गावी दहाव्या शतकातला, म्हणजे सुमारे ९५० सालचा एक शिलालेख मिळाला. तेव्हा तिथं राष्ट्रकूटांचा अंमल होता, ज्यांनी आपल्या वेरूळचं कैलास लेणं खोदवलं तेच घराणं. या दगडावर मोठ्या लढाईची हकिगत आहे, आणि तिच्यासोबत एका कुत्र्याची. लढाईत पराक्रम केलेल्या एका वीराला राजानं काय हवं ते माग म्हटलं. त्यानं काली नावाचा कुत्रा मागितला. पुढे हा काली एका रानडुकराशी झुंजला आणि दोघंही मेले. कालीच्या आठवणीत देवळासमोर दगड उभा केला, त्याच्या पूजेसाठी जमीन लावून दिली. शिवाय लिहून ठेवलं, की या दगडाची पूजा केल्याशिवाय पुजारी जेवला तर त्याला पाप लागेल. हजार वर्षांपूर्वीच्या किती बायकांची नावं आपल्याला ठाऊक आहेत? फार थोड्या. पण एका कुत्र्याचं नाव दगडावर राहिलं, कारण कुणीतरी ते लिहून ठेवलं.

आपल्याकडे दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, त्यांना चार वेद म्हणतात. जेजुरीच्या खंडोबासोबतही कुत्रा असतो. खंडोबाचे वाघ्ये स्वतःला देवाचं कुत्रं मानत आणि कोटंब्यात भिक्षा घेत. नामदेवांची गोष्ट तर पोराबाळांना पाठ असते. कुत्र्यानं भाकरी पळवली, तर नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून.

पण इतिहास सांगायचा तर तो पुरता सांगायला हवा. याच समाजात ‘कुत्रं’ ही शिवीही आहे. मनुस्मृतीत ज्यांना गावाबाहेर ठेवायला सांगितलं, त्यांची संपत्ती कुत्री आणि गाढवंच असावीत असं लिहिलं. म्हणजे कुत्र्यालाही हीन ठरवलं आणि त्याच्या सोबत्यालाही. पुढे तर अशी वेळ आली, की महाडच्या चवदार तळ्यावर जनावरांना पाणी पिता येत होतं आणि दलित माणसांना नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लोकांसह तिथलं पाणी ओंजळीत घेतलं. तेव्हा मुक्या जिवावर दया केली म्हणजे झालं, असं नाही. माणसाला माणूस मानणं त्याच्या आधी येतं. आमच्या गटांत सगळ्या वस्त्यांतल्या बाया एका सतरंजीवर बसतात, एकाच किटलीतला चहा पितात. त्याला किती वर्षं लागली, ते आम्हाला माहीत आहे.

आता मुंबईची गोष्ट. इंग्रजांच्या काळात तिथं उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारायचा नियम होता आणि एका कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस मिळे. बक्षिसासाठी लोक दारातली, घरातली कुत्रीही ओढून न्यायला लागले. जून १८३२ मध्ये पारशी समाजाच्या लोकांनी याविरुद्ध उठाव केला, कारण त्यांच्या धर्मात कुत्र्याला मान आहे. इतर समाजाचे लोकही त्यात आले. दुसऱ्या दिवशी कोट भागात दुकानं बंद राहिली. दंगलीबद्दल लोकांना शिक्षा झाल्या, पण कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडण्याचा मार्ग निघाला. दोनच वर्षांनी, १८३४ साली, सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शाह यांच्या पुढाकारानं मुंबईत पांजरपोळ उभी राहिली. ती भुलेश्वर भागात आजही आहे.

म्हणजे ठेवा की मारा, हा वाद काही आपल्याच गावचा नाही. दोनशे वर्षांचा जुना आहे.

आणि मारा म्हणणाऱ्यांची भीती खोटी नाही. पिसाळलेलं कुत्रं चावलं, आजाराची लक्षणं दिसू लागली, की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. फार पूर्वीपासून लोकांकडे झाडपाला, चटके आणि मंत्र एवढंच होतं. फ्रान्समध्ये ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांनी नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टर या मुलाला लस टोचायला सुरुवात केली आणि तो वाचला. आपल्या देशात १९०० साली हिमाचलातल्या कसौलीला लस देणारी संस्था निघाली. पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागायची, हे आपल्यातल्या मोठ्या बायांना आठवत असेल. ती जुनी लस २००५ च्या सुमारास बंद झाली. आता दंडावर मोजकी इंजेक्शनं असतात आणि सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळतात.

एवढा इतिहास ऐकल्यावर आपल्या अंगणाकडे येऊ. आमच्या एका गटाच्या बैठकीला टिप्या नावाचा पिवळट कुत्रा न चुकता हजर असतो. बैठक समाजमंदिराच्या ओट्यावर भरते. तो बायांच्या चपलांच्या ढिगातून एकच चप्पल उचलतो, लिंबाखाली नेऊन ठेवतो आणि बाजूला शहाण्यासारखा बसतो. एकदा त्यानं अंगठा उठवायची शाईची डबी पळवली. मग त्याचं तोंड आठवडाभर निळं आणि आमच्या रजिस्टरच्या एका पानावर त्याच्या पंजाचा ठसा. ते पान बघून बाया अजून हसतात. बैठक संपल्यावर शेंगा फोडत दहा मिनिटं बसायचं, हप्त्याचं नाव काढायचं नाही, टिप्याच्या खोड्या सांगायच्या, एवढीच ती चैन. पण दिवसभर रानात आणि घरात राबणाऱ्या बाईला हसायला अशी जागा किती मिळते? उशीर झाला तर एकट्या बाईच्या पुढे तिच्या दारापर्यंत चालत जातो तोही टिप्याच.

अशाच एका गावात मागच्या पावसाळ्यात एका मुलाला कुत्रं चावलं. मुलगा वेळेवर इंजेक्शनं घेऊन बरा झाला. पण गावात ठरायला लागलं, की भाकरीत विष घालून सगळी कुत्री संपवायची. आणि भाकऱ्या बायांनीच करायच्या होत्या. तिथल्या गटातल्या बाया नाही म्हणाल्या. ज्या हाताचा वास ओळखून कुत्रं जवळ येतं, त्या हातानं विष द्यायचं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

त्या भावनेच्या भरात बोलल्या, असं काहींना वाटलं. पण त्यांचं म्हणणं व्यवहारालाही धरून होतं. एक तर १९६० च्या कायद्यानं असं मारणं गुन्हा आहे. दुसरं, गावातली कुत्री मारली की मोकळ्या जागेत बाहेरची येतात, लस न टोचलेली, अनोळखी. लस टोचलेली, ओळखीची कुत्री गावात असली तर तीच गावाची भिंत होते. साधारण दहातल्या सात कुत्र्यांना दरवर्षी लस टोचली तर हा आजार पसरायचा थांबतो. गोव्यात २०१३ नंतर असं नेमानं केलं आणि काही वर्षांत कुत्र्यांमधला हा आजार नव्वद टक्क्यांहून जास्त कमी झाला.

मग त्या बायांनी पशुवैद्यकीय दवाखान्यात अर्ज दिला, ग्रामपंचायतीलाही पत्र दिलं. लस टोचायचा दिवस ठरला, तेव्हा अडचण एकच होती, मोकाट कुत्री धरणार कोण? डॉक्टर जवळ गेले की ती पळत. ज्या बाया रोज भाकरी टाकतात, त्यांनी हाक मारली आणि ती आली. काळू आला, खंड्या आला, चार पिल्लांची चंपीही आली. बाईनं मानेवर हात ठेवायचा आणि डॉक्टरांनी सुई टोचायची. इतक्या वर्षांच्या भाकरीची ही किंमत आम्हाला त्या दिवशी कळली.

तेव्हा मैत्रिणींनो, चार गोष्टी लक्षात ठेवा. कुत्रं चावलं किंवा नुसतं ओरबाडलं, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. चुना, मिरची, हळद काही लावू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि सांगितलेल्या सगळ्या तारखांना इंजेक्शनं घ्या, मधे सोडू नका. लेकरांना सांगा, जेवणाऱ्या आणि पिल्लांजवळच्या कुत्र्याला छेडायचं नाही, आणि चावलं तर मार बसेल म्हणून लपवायचं नाही. आणि आपल्या गटाच्या पुढच्या बैठकीत कुत्र्यांच्या लसीचा ठराव घ्या. कुत्री वाढू नयेत म्हणून शस्त्रक्रियेची सोयही पंचायतीकडे मागा.

आणखी एक काम सांगतो, ते हौसेचं आहे. घरातल्या म्हाताऱ्या बाईजवळ बसा आणि विचारा, तुमच्या लहानपणी दारात कुठलं कुत्रं होतं, त्याचं नाव काय, ते काय काय खोड्या करायचं. कुत्र्यापासून सुरू झालेलं बोलणं तिच्या मैत्रिणींवर जाईल, जात्यावर जाईल, दुष्काळावर जाईल. वहीत लिहून घ्या. आतकूरच्या कालीचं नाव दगडावर आहे. आपल्या आज्यांची नावं निदान वहीत तरी राहू देत.