गालीलच्या होडीतील चिखल

शुभवर्तमानातील कितीतरी घटना होडीत घडल्या आहेत. होडीत बसून प्रभूने किनाऱ्यावरील जनसमुदायास उपदेश केला. वादळातही तो होडीतच निजला होता. तथापि त्या काळची गालीलची होडी कशी होती, हे १९८६ पर्यंत कोणास पाहावयास मिळाले नव्हते.

त्या वर्षी जानेवारीत अवर्षणामुळे सरोवराचे पाणी ओसरले होते. गिनोसर वसाहतीतील दोघा कोळी बंधूंना उघड्या तळावर, चिखलात, होडीची कड दिसली. फेब्रुवारीत उत्खनन सुरू झाले, तोच पाणी पुन्हा चढू लागले. म्हणून भोवती बांध घालून रात्रंदिवस काम करावे लागले.

साफ करणे म्हणजे घासून धुणे, असे आपण समजतो. येथे तसे करणे घातकच ठरले असते. सुमारे दोन हजार वर्षे ओल्या चिखलात राहून लाकूड मऊ झाले होते; सुकताच ते आकसून तडकले असते. म्हणून टांगत्या मचाणावर पालथे पडून, होडीवर भार न देता, आतील चिखल काढला गेला आणि लाकडावर पाणी शिंपडत राहावे लागले. ज्या चिखलाने तिला गाडले, त्यानेच तिला राखलेही होते. पुढे लाकडातील पाण्याची जागा मेणासारख्या रसायनाने भरून निघावी म्हणून ती कित्येक वर्षे द्रावणात ठेवण्यात आली.

चिखल निघाला तसा इतिहास उलगडला. होडी सुमारे ८.२ मीटर लांब व २.३ मीटर रुंद आहे. फळ्या बहुतेक गंधसरूच्या, फासळ्या ओकच्या. परंतु डागडुजीसह तिला तब्बल १२ जातींचे लाकूड लागले आहे. काही लाकूड तर आधीच्या होड्यांतले आहे. डोलकाठी उरली नाही. मात्र तिच्या बैठकीच्या खिळ्यांच्या खुणा ती शिडाची होडी असल्याचे सांगतात. निकामी झाल्यावर तिचे उपयोगी भाग काढून घेतलेले दिसतात.

लोक तिला ‘येशूची होडी’ म्हणतात. ती प्रभूच्या काळाच्या आसपासची आहे, हे खरे. प्रभू तिच्यात बसला होता, यास पुरावा नाही. चिखल काढताना जी सचोटी पाळली गेली, तीच आम्ही बोलतानाही पाळावी. श्रद्धेस असल्या आधाराची गरज नाही. जब्दीच्या पुत्रांनी होडी मागे टाकली, असे आम्ही वेदीवरून वाचतो. तिची मोडतोडही वाया जाऊ नये, इतकी मोलाची वस्तू त्यांनी सोडली होती, हे या ठिगळांवरून कळते.