पारख, पोतें आणि न्याय



नाशिकच्या सराफबाजारांतून जातांना दुकानांच्या पाट्या आपण वाचतों, पण 'सराफ' ह्या शब्दापाशीं क्षणभरही थांबत नाहीं. आज सराफ म्हणजे दागिने विकणारा. दोनशें वर्षांपूर्वीं सराफ म्हणजे नाण्याची पारख करणारा, तें बदलून देणारा आणि त्याबद्दल बट्टा घेणारा. त्याचाच सरकारी भाऊ तो पोतदार. हा शब्द फारशी 'फोतादार' ह्यापासून आला. फोता म्हणजे थैली. ज्याच्या हातीं थैली, तोच आंतल्या नाण्यांचा न्यायाधीश. मग एकेक नाणें घेऊन येणारा गरीब आणि थैल्या भरून आणणारा धनिक, ह्या दोघांस त्या न्यायाधीशाकडून सारखाच न्याय मिळे काय? आज ह्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

नाशिक जिल्ह्यास ह्या प्रश्नाचा इतिहास फार जुना आहे. पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यांत नहपान क्षत्रपाचा जांवई उषवदात ह्याचा लेख आहे. त्यानें भिक्षुसंघासाठीं तीन हजार कार्षापणांची कायम ठेव ठेवली. त्यांपैकीं दोन हजार गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेंकडा एक ह्या व्याजानें आणि एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे शेंकडा पाऊण ह्या व्याजानें दिले. त्याच लेखांत सत्तर हजार कार्षापण म्हणजे दोन हजार सुवर्ण, एका सुवर्णास पस्तीस कार्षापण, असा हिशेबही दिला आहे. दोन श्रेणींचे दर भिन्न होते खरे, पण ते झांकून ठेवलेले नव्हते. हें सर्व निगमसभेंत ऐकविलें गेलें, फलकावर लिहिलें गेलें आणि शेवटीं दगडांत कोरलें गेलें. एवढी मोठी रक्कम, पण तिचा भाव कोणाही वाटसरूस वाचतां यावा असा उघडा होता.

कौटिलीय अर्थशास्त्रांत नाणीं पारखणाऱ्या अधिकाऱ्यास 'रूपदर्शक' म्हटलें आहे आणि पारखीचा आकार शेंकडा एक अष्टमांश सांगितला आहे. हा आकार शेंकड्यावर आहे, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. दहा हजार आणणाऱ्यास कमी दर व दहा आणणाऱ्यास अधिक, असा भेद त्यांत दिसत नाहीं.

ह्याहून नाट्यमय साक्ष १९०६ सालीं सिन्नर तालुक्यांतील जोगलटेंभी येथें सांपडली. तेथें चांदीच्या नाण्यांचा प्रचंड ठेवा निघाला. रेव्हरंड स्कॉट ह्यांनीं त्यांतील तेरा हजारांहून अधिक नाणीं तपासलीं. तीं सर्व नहपानाचीं, पण त्यांपैकीं नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप पुन्हां मारलेला होता. जिंकलेल्या शत्रूचें नाणें त्यानें वितळविलें नाहीं किंवा खोटेंही ठरविलें नाहीं. एका बाजूस चैत्य व दुसऱ्या बाजूस उज्जयिनीचें चिन्ह उमटविलें, आणि तें नाणें चालूं लागलें. नाणें सावकाराच्या पेटींतून आलें कीं कोष्ट्याच्या कनवटीस होतें, हें त्या छापावरून कोणासही सांगतां येणार नाहीं. शिवाय एवढी रास एकत्र मिळाली म्हणूनच नहपानाच्या मुखवट्यांत किती भेद आहेत हें अभ्यासकांस दिसूं शकलें. म्हणजे राशीनें तपासणी होणें हें मुळांतच वाईट नव्हे. तपासणाऱ्यानें प्रत्येक नाणें पाहिलें कीं नाहीं, एवढाच प्रश्न आहे.

आतां उत्तर पेशवाईकडे येऊं. त्या काळीं दक्षिणेंत एक रुपया नव्हता. अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही, हाली शिक्का, असे अनेक रुपये एकाच बाजारांत फिरत. आपल्या जिल्ह्यांत चांदवडास टांकसाळ होती. खुद्द नाशकाच्या रुपयावर मोगली अमलांतलें 'गुलशनाबाद' हें नांव आणि दिल्लीच्या शाहआलम बादशहाचें नांव असे. राज्य मात्र मराठ्यांचें! प्रत्येक रुपयाचें वजन व कस थोडथोडे निराळे. त्यामुळें एकाच्या बदल्यांत दुसरा घेतांना बट्टा आलाच.

गांवचा पोतदार बहुधा सोनार असे. तो नाणें वाजवून पाही, तोली, कसोटीस लावी. सराफ नाण्यावर आपली बारीक खूणही ठोकीत. अशा खुणांनीं भरलेली पुष्कळ जुनीं नाणीं आजही संग्रहांत पाहावयास मिळतात. पारखीचें चिन्ह म्हणून मारलेला घाव पुढच्या दुकानीं नाण्याचें वैगुण्य ठरूं शके, हा त्यांतला क्रूर विनोद.

समजा, एका कुणब्यानें पांच रुपये आणले आणि रुपयास एक आणा बट्टा बसला. त्याचे पांच आणे गेले. दुसऱ्या सराफाकडे जाण्यास त्याला ना वेळ, ना ओळख. त्याच वेळीं सावकार हजार रुपयांची मोहोरबंद थैली आणतो. हजार नाणीं एकेक करून वाजवावयाचीं तर दिवस मोडेल. म्हणून मूठभर नाणीं पाहून सगळ्या थैलीचा एकच बट्टा ठरविण्याचा मोह होणारच. असें झालें कीं खोटें नाणें खऱ्याच्या आडोशानें पार पडतें, नाहीं तर खरें नाणें खोट्याचा दंड भरतें. शिवाय सावकार उद्यां पुन्हां येणार, कुणबी येईल तो पुढच्या सुगीला. पारख करणाऱ्याची नजर कोणाकडे वळेल, हें सांगण्यास मनुष्यस्वभावाचा मोठा अभ्यास नको. त्यांतही जो पारखतो तोच विकत घेतो, ही सर्वांत मोठी मेख होती. नाणें हलकें ठरविण्यांतच त्याचा नफा होता.

ह्यावर उपाय निघाला तो सराफास उपदेश करून नव्हे, तर त्याचा हितसंबंध काढून घेऊन. बंगाल्यांत नव्या सालाचा रुपया पुऱ्या किंमतीनें चाले आणि दोन-तीन वर्षें लोटतांच, चांदी तेवढीच असूनही, त्यावर बट्टा बसे. म्हणून कंपनी सरकारनें १७९३ च्या सुमारास सर्व रुपयांवर शाहआलमच्या कारकीर्दीचें एकच, एकोणिसावें, साल घालण्याचें ठरविलें. साल बदलेना, तेव्हां सालावरचा बट्टा कशाचा? पुढें १८३५ च्या कायद्यानें १८० ग्रेन वजनाचा, त्यांत १६५ ग्रेन शुद्ध चांदी असलेला, एकच रुपया चालूं झाला. १९२८ पासून तर आपल्या नाशिकरोडच्या छापखान्यांत नोटाच निघूं लागल्या. मळकी नोट आणि कोरी नोट ह्यांची किंमत एकच. सराफाचा जुना धंदा संपला.

पण पारखीचा प्रश्न संपला नाहीं. तो छंदाच्या बाजारांत गेला. १९४९ सालीं अमेरिकेंत विल्यम शेल्डन ह्यांनीं तेथील जुन्या तांब्याच्या नाण्यांसाठीं एक ते सत्तर गुणांची श्रेणी मांडली. १९८६ पासून नाणें गुण देऊन प्लास्टिकच्या डबींत बंद करून देणारी पीसीजीएस ही कंपनी निघाली. १९९१ मध्यें खेळाडूंच्या चित्रांच्या कार्डांसही एक ते दहा गुण देणारी पीएसए ही कंपनी निघाली. तिनें प्रथम पारखलेलें कार्ड होनस वॅग्नर ह्या प्रसिद्ध बेसबॉलपटूचें. त्यास आठ गुण मिळाले. तें कार्ड आपण कडा कापून नीटनेटकें केलें होतें, अशी कबुली एका लिलावदारानें २०१३ मध्यें दिली. थोर पारखीचाही डोळा चुकतो, तो असा.

तेथेंही थैलीचा प्रश्न जसाच्या तसा उभा आहे. व्यापारी शेंकड्यांनीं कार्डें पाठवितो, त्यास दर कार्डामागें फी कमी. शाळकरी मुलगा जपून ठेवलेलें एक कार्ड पाठवितो, त्यास फी अधिक. शिवाय कार्डाची किंमत चढली कीं पारखीची फीही चढते. म्हणजे बट्टा उलटा फिरला, हितसंबंध राहिलाच. परीक्षकास मालकाचें नांव कळत नाहीं, असें ह्या कंपन्या सांगतात, आणि तो नियम चांगलाच आहे. पण २०२१ च्या मार्चमध्यें पीएसएकडे कार्डांची एवढी रास सांचली कीं तिला नेहमीच्या स्वस्त दरानें कार्डें घेणें कांहीं काळ बंद ठेवावें लागलें. राशीपुढें नियमही थकतो.

मी आयुष्य शाळेंत घालविलें, म्हणून उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याचा दाखला देतों. तेथें नांवाऐवजीं बैठक क्रमांक असतो. गुणांची वांटणी आधीं लिहिलेली असते. तपासलेल्या पत्रिकांतील कांहीं दुसऱ्यानें पुन्हां पाहावयाच्या असतात. आणि परीक्षकाचा मेहनताना मुलाच्या गुणांवर अवलंबून नसतो. ह्या चार गोष्टींपैकीं एकही नवी नाहीं. उघडा दर उषवदातानें दगडांत कोरून ठेवला, मालकास न ओळखणारा छाप सातकर्णीनें मारला, आणि परीक्षकाच्या नफ्याची वाट एकोणिसाव्या सालाच्या रुपयानें अडविली. चौथी गोष्ट, पुन्हां पाहण्याची, तेवढी आपली आपण सांभाळावयाची आहे. ती सुटली तर शंभराव्या मुलाची पत्रिका पहिल्या मुलाइतक्या सावकाशीनें वाचली गेली कीं नाहीं, हें कोणासही कळणार नाहीं.

पारखी निर्लोभ असावा, ही इच्छा चांगली. पण ज्या व्यवस्थेंत लोभी पारख्यासही न्यायच करावा लागतो, ती व्यवस्था अधिक चांगली. पांच रुपये घेऊन आलेल्या त्या कुणब्यास दयेची गरज नव्हती. सावकाराच्या नाण्यास जी कसोटी, तीच आपल्याही नाण्यास लागावी, एवढेंच त्याचें मागणें होतें.