बॅटरी बसते म्हणजे नेमके काय बसते?

‘बॅटरी बसली’ असे आपण मोटारीबद्दल म्हणतो, विजेरीबद्दल म्हणतो आणि लॅपटॉपबद्दलही म्हणतो. बोलताना आपल्यापुढे एकच वस्तू असते. पण बॅटरी हा शब्द मुळात एका वस्तूचा नाही. बेंजामिन फ्रँकलिनने १७४९ मध्ये काचेची तावदाने आणि शिशाचे पत्रे यांपासून बनवलेली, विद्युतभार साठवणारी अनेक साधने एकमेकांना जोडली आणि त्या संचासाठी तोफखान्यातला शब्द उसना घेतला. एका रांगेत मांडलेल्या तोफा म्हणजे बॅटरी. तेव्हा बॅटरी म्हणजे संच. म्हणून बॅटरी बसली की पहिला प्रश्न असा विचारायला हवा : संचातले सगळेच बसले, की एकच?

हा प्रश्न केवळ शब्दांचा नाही. अनेक शाळांत जुने लॅपटॉप आहेत. त्यांचे पडदे चांगले आहेत, कळफलक चालतात, पण वीज गेली की ते त्याच क्षणी बंद पडतात आणि मुलांचे अर्धवट काम पुसले जाते. दुकानदार सांगतो, ‘या मॉडेलची बॅटरी आता येत नाही.’ दुसरा कोणी सांगतो, ‘आतले सेल बदलून मिळतात.’ तिसरा घाबरवतो, ‘तसे करू नका, आग लागेल.’ तिघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. ते किती, हे समजायला बॅटरीच्या दुरुस्तीचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहावा लागतो.

उघडता येणारी बॅटरी

व्होल्टाने १८०० मध्ये जाहीर केलेली चवड म्हणजे जस्त आणि चांदी किंवा तांबे यांच्या चकत्या आणि त्यांच्यामध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठ्याचे वा कापडाचे तुकडे. कापड वाळले किंवा चकत्यांवर थर जमला की वीज मिळेनाशी होई. मग चवड मोडायची, चकत्या घासायच्या आणि पुन्हा रचायची. बॅटरी बांधणे आणि पुन्हा बांधणे ही तेव्हा दोन वेगळी कामे नव्हतीच.

गॅस्टन प्लांटे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये शिशाचे दोन पत्रे गुंडाळून सल्फ्यूरिक आम्लात ठेवले आणि पुन्हा पुन्हा प्रभारित करता येणारा पहिला विद्युतघट तयार झाला. कामील फोर याने १८८१ मध्ये शिशाच्या पत्र्यावर शिशाच्या ऑक्साइडचा लेप देण्याची युक्ती काढली आणि घट कारखान्यात बनवण्याजोगा झाला. १९१२ मध्ये कॅडिलॅक मोटारीला विजेवर चालणारा स्टार्टर बसला. पुढे हँडल फिरवण्याचे कष्ट संपले आणि मोटारीबरोबर बॅटरीही घरोघर पोहोचली.

या बॅटऱ्या उघडता येत. लाकडी पेटीत कठीण रबराची भांडी, प्रत्येक भांड्यात एक घट, वरून डांबरासारख्या पदार्थाने बंद केलेले झाकण. कारागीर ते डांबर तापवून मऊ करी, प्लेटांचा जुडगा वर उचली, खराब प्लेटा आणि मधले पडदे बदली, शिसे वितळवून जोड देई आणि झाकण पुन्हा बंद करी. अमेरिकेत ओ. ए. विट यांचे मोटारीच्या बॅटरीची निगा आणि दुरुस्ती यांवरचे १९२२ सालचे जाडजूड पुस्तक हीच सारी कामे क्रमाने शिकवते. घट तपासायचा कसा, कोणती प्लेट ठेवायची, कोणती टाकायची, हे एक रीतसर कसब होते. आपल्याकडेही ट्रक आणि मोटारींच्या बॅटऱ्यांच्या प्लेटा बदलून देणारी दुकाने गावोगाव होती.

या कसबाची दुसरी बाजूही सांगायला हवी. शिशाची धूळ आणि वाफ कारागिराच्या शरीरात जाई, आम्ल गटारात ओतले जाई. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीला अपाय करते. भारतात २००१ मध्ये जुन्या शिसे-आम्ल बॅटऱ्यांबद्दल नियम झाले, ते याच कारणाने. दुरुस्ती चांगली की वाईट, असा प्रश्न तेव्हाही नव्हता. ती कोण करतो, कशी करतो आणि उरलेल्या कचऱ्याचे काय करतो, हा प्रश्न होता.

लॅपटॉपच्या पोटात

उचलून नेता येणाऱ्या संगणकांनी जवळजवळ सगळ्या प्रकारचे घट वापरून पाहिले. ॲपल कंपनीच्या १९८९ सालच्या मॅकिंटॉश पोर्टेबलमध्ये चक्क शिसे-आम्ल बॅटरी होती. तो संगणक सात किलोंहून जड होता. इतर अनेक यंत्रांत निकेल-कॅडमिअम घट होते. हा घट स्वीडनच्या वाल्डेमार युंगनरने १८९९ मध्ये शोधला होता. त्यानंतर निकेल-मेटल हायड्राइड आले आणि मग लिथियम-आयन.

लिथियम-आयन घटामागे तिघांचे काम प्रामुख्याने आहे. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी १९७० च्या दशकात थरांच्या रचनेच्या पदार्थात लिथियमचे आयन सामावतात आणि बाहेर काढता येतात हे वापरून घट बनवला. जॉन गुडइनफ यांच्या गटाने १९८० मध्ये लिथियम कोबाल्ट ऑक्साइड वापरून त्याचे व्होल्टेज वाढवले. अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये लिथियम धातूऐवजी कार्बनी पदार्थ घेऊन तो पुष्कळ सुरक्षित केला. सोनी कंपनीने १९९१ मध्ये तो बाजारात आणला. या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

लॅपटॉपच्या संचात पुढे एक माप रूढ झाले : १८६५०. यातले १८ म्हणजे मिलिमीटरमध्ये व्यास, ६५ म्हणजे लांबी आणि शेवटचे शून्य म्हणजे आकार दंडगोल. नेहमीच्या सहा घटांच्या संचात दोन-दोन घट समांतर जोडून तीन जोड्या करतात आणि त्या जोड्या एकसर जोडतात. एका घटाचे व्होल्टेज सुमारे ३.७, म्हणून संचाचे ११.१ व्होल्ट. एका घटाची क्षमता २२०० मिलिअँपिअर-तास असेल तर जोडीची ४४००. गुणाकार केला की संचात सुमारे ४९ वॉट-तास ऊर्जा साठते. सरासरी १६ वॉट घेणारा लॅपटॉप त्यावर तीन तास चालेल. नववी-दहावीच्या वर्गात हे गणित जरूर करून घ्यावे. ११.१ आणि ४४०० हे दोन आकडे अनेक जुन्या संचांच्या लेबलावरच छापलेले असतात.

आता समजा, तीन जोड्यांपैकी दोन जोड्यांत अजून ३००० मिलिअँपिअर-तासांची ताकद आहे, पण तिसरीत केवळ ५०० उरली आहे. एकसर जोडणीत सगळ्यांतून सारखाच प्रवाह वाहतो. तिसरी जोडी रिती झाली की संरक्षण मंडल संपूर्ण संच बंद करते. बैलजोडीतला एक बैल थकला की दुसरा कितीही धट्टाकट्टा असला तरी गाडी थकलेल्याच्या चालीने चालते, तसेच हे. म्हणून ‘मेलेल्या’ संचात बरे घट अनेकदा सापडतात. संच नव्याने बांधून घेण्याच्या कल्पनेचा पाया हा आहे.

दोन कुलपे

मग मोटारीच्या बॅटरीचे जे झाले ते लॅपटॉपच्या बॅटरीचे सहज का झाले नाही? तिला दोन कुलपे आहेत. एक निसर्गाने घातलेले, दुसरे माणसाने.

पहिले कुलूप धोक्याचे. शिसे-आम्ल घटात पाणी असते. लिथियम-आयन घटात पेट घेणारे सेंद्रिय द्रावक असतात. घट जादा प्रभारित झाला, चिरडला गेला किंवा आत लघुपरिपथन झाले तर तो स्वतःच्या उष्णतेने तापत जातो आणि पेटतो. १९९५ मध्ये ॲपलच्या पॉवरबुक ५३०० चे काही संच पेटल्यावर कंपनीने त्या यंत्रात लिथियम-आयन सोडून निकेल-मेटल हायड्राइडचे संच दिले. २००६ मध्ये सोनीच्या घटांत उत्पादनाच्या वेळी धातूचे सूक्ष्म कण राहिल्याचे आढळले. एकट्या डेल कंपनीने ४१ लाख संच परत मागवले. उत्तम कारखान्यात हे होऊ शकते, तर कोपऱ्यावरच्या टेबलावर किती सावध राहायला हवे, हे वेगळे सांगायला नको. फार खोलवर रित्या झालेल्या घटात ऋण टोकाकडचे तांबे विरघळते आणि पुन्हा प्रभारित करताना नको तिथे जमते. म्हणून वर्षभर कपाटात पडून पार उतरलेला घट ‘जागा’ करण्याचा प्रयत्न कोणीच करू नये.

दुसरे कुलूप स्मरणशक्तीचे. १९९५ मध्ये ड्युरासेल आणि इंटेल यांनी ‘स्मार्ट बॅटरी’चे मानक पुढे आणले. त्यानुसार संचातली चिप लॅपटॉपशी बोलू लागली : किती भार उरला, किती वेळा प्रभारित झाले, तापमान किती, उत्पादनाची तारीख कोणती. चिप आत गेलेला आणि बाहेर आलेला विद्युतभार मोजते आणि त्यावरून संचाची क्षमता ठरवते. ही सोय उत्तमच होती. पण घट बदलले आणि चिपला ते सांगितले नाही, तर ती जुन्याच क्षमतेचा हिशेब धरून बसते. काही चिप तर घटांत मोठी तफावत दिसली की ‘कायमचा बिघाड’ अशी नोंद करतात आणि फ्यूज उडवून संच बंद करतात. ही नोंद पुसायला सांकेतिक शब्द लागतो आणि तो उत्पादकाकडे असतो. २०११ मध्ये चार्ली मिलर या संगणक सुरक्षा तज्ज्ञाने दाखवून दिले, की ॲपलच्या लॅपटॉपमधल्या बॅटरीच्या चिपचे सांकेतिक शब्द चिप बनवणाऱ्याने कारखान्यात ठेवले तसेच राहिले होते. ते दुरुस्ती करणाऱ्याच्या उपयोगाचे, पण खोडसाळ माणसाच्याही.

पुढे संच सुटा काढण्याचीही सोय गेली. २००८ च्या मॅकबुक एअरमध्ये बॅटरी आत बंद झाली आणि २०१२ च्या रेटिना पडद्याच्या मॅकबुक प्रोमध्ये ती गोंदाने चिकटवली गेली. पातळ यंत्रांत दंडगोल घटांच्या जागी चपटे, पिशवीसारखे घट आले. याच काळात गंमत अशी झाली, की १८६५० घट मोटारीत जाऊन बसला. २००८ च्या टेस्ला रोडस्टरमध्ये असे ६८३१ घट होते.

पहिले कुलूप उघडायला ज्ञान लागते. दुसरे उघडायला परवानगी. पहिल्याचे कारण सांगून दुसरे बंद ठेवणे सोपे असते आणि आमच्या मते गेल्या तीस वर्षांत पुष्कळदा तेच घडले. हे दोन प्रश्न वेगळे करता येणे हीच या विषयातली खरी विज्ञानदृष्टी. युरोपीय संघाने २०२३ मध्ये केलेल्या नियमात तसा प्रयत्न दिसतो. १८ फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणांतल्या लहान बॅटऱ्या वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आल्या पाहिजेत आणि दुसरी जुळणारी बॅटरी बसवण्यात सॉफ्टवेअरने अडथळा आणता कामा नये, असे तो सांगतो. भारतात २०२२ च्या नियमांनी २००१ च्या नियमांची जागा घेतली. त्यांत लिथियमसह सर्व प्रकारच्या बॅटऱ्या आल्या, जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आली आणि बॅटरी पुन्हा वापरण्याजोगी करण्याच्या कामाचीही दखल घेतली गेली.

जाणकार कोणाला म्हणावे?

संच उघडणे हे शाळेत करण्याचे काम नाही, विद्यार्थ्यांपुढे प्रयोग म्हणून तर मुळीच नाही. ते जाणकाराकडूनच करून घ्यावे. पण जाणकार ओळखायचा कसा? काही प्रश्न विचारून.

तो एकच कमजोर घट बदलतो, की सगळे? सगळे बदलायला हवेत. जुन्यात एक नवा मिसळला की बैलजोडीची गोष्ट पुन्हा सुरू होते. नवे घट एकाच कंपनीचे, एकाच खेपेचे आहेत का, आणि त्यांची क्षमता मोजून जुळवली आहे का? पट्ट्या तो स्पॉट वेल्डिंगने जोडतो, की थेट घटावर डाख लावतो? डाखाची उष्णता घटाच्या आत पोहोचते आणि त्याला इजा करते. चिपमधली नोंद तो नव्याने करतो का? बांधलेला संच एकदा पूर्ण भरून आणि रिता करून दाखवतो का? आणि काढलेले घट तो नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे देतो का?

घटावरच्या आकड्याकडेही पाहावे. १८६५० घटावर ९९०० मिलिअँपिअर-तास छापलेले असेल तर ते खोटे आहे. या मापाच्या उत्तम घटाची क्षमता ३५०० च्या आसपास असते. चांगल्या घटाचे वजन साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरते. फारच हलका घट संशयास्पद समजावा. शिवाय लिथियम-आयन घट न वापरताही म्हातारा होतो, विशेषतः पूर्ण भरून उन्हाळ्यात ठेवला तर. म्हणून कित्येक वर्षे गोदामात पडलेला ‘नवा’ मूळ संच ताज्या घटांनी नीट बांधलेल्या संचापेक्षा सरस असेलच असे नाही. संच फुगलेला असेल तर मात्र बांधणीचा विचार सोडून द्यावा. तो वापरायचे थांबवावे आणि रीतसर जमा करावा.

एवढी उत्तरे नीट देणारा माणूस सापडला, तर शाळेचा लॅपटॉप आणखी काही वर्षे चालेल आणि वीज गेली तरी मुलांचे काम राहील. नाही सापडला, तर तो लॅपटॉप बॅटरी काढून, विजेच्या जोडणीवर आणि शक्य असल्यास यूपीएसवर वापरावा, हे अधिक शहाणपणाचे. पण दोन्ही वेळा मुलांना एक प्रश्न जरूर विचारावा : ही वस्तू उघडता येत नाही, ती उघडणे धोक्याचे आहे म्हणून, की कोणी तरी तसे ठरवले म्हणून? हा प्रश्न बॅटरीपुरताच लागू आहे असे नाही.